सेमीकंडक्टर कपॅसिटरच्या रचनेचे पेटंट-परीक्षण: गोव्यातील अर्जदारांसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

पेटंट कार्यालयाचे आक्षेप सांगणारा परीक्षण अहवाल हाती आल्यावर तयारीला लागणे, ही या प्रक्रियेत सर्वाधिक आढळणारी आणि सर्वांत महाग पडणारी चूक आहे. पेटंट अधिनियम, १९७० च्या कलम ५९ नुसार अर्जात मागाहून नवी माहिती घालता येत नाही, आणि सुधारलेले दावे (शोधाच्या नेमक्या कोणत्या भागावर हक्क हवा हे सांगणारी वाक्ये) मूळ दाव्यांच्या कक्षेतच राहावे लागतात. त्यामुळे परीक्षकाच्या आक्षेपाला जे उत्तर दोन वर्षांनी द्यायचे आहे, त्याचा आधार अर्ज दाखल होण्याच्या दिवशी विनिर्देशपत्रात, म्हणजे शोधाचे वर्णन आणि दावे असलेल्या कागदात, लिहिलेला असावा लागतो. फर्मागुढी, कुंकळ्ळी किंवा झुआरीनगरच्या प्रयोगशाळेत काम करणारा विद्यार्थी असो, की वेर्णा औद्योगिक वसाहतीतील लहान कंपनी, पुढील क्रम सर्वांना सारखाच लागू पडतो. गोव्यातील अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयाच्या अधिकारक्षेत्रात येतात. दाखल करण्यापासून सुनावणीपर्यंतचे बहुतेक काम ऑनलाइन होत असल्यामुळे अंतराची अडचण आता उरलेली नाही. अडचण येते ती कागदांच्या क्रमाची आणि मुदतींची.

टप्पा १: संरक्षण नेमके कशाला हवे, हे ठरवा

कपॅसिटरच्या बाबतीत हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा नाजूक आहे. कलम ३(ण) म्हणजे इंग्रजी मसुद्यातील तीन-ओ, हे इंटिग्रेटेड सर्किटच्या मांडणीला पेटंटमधून वगळते. एकाच धातूथरात बोटांसारख्या गुंफलेल्या पट्ट्यांचा कपॅसिटर वरून पाहिलेल्या आराखड्याच्या भाषेत, म्हणजे कोणती पट्टी कोठे आणि कोणत्या वळणाने जाते एवढ्याच शब्दांत मांडला, तर हा आक्षेप येण्याची शक्यता मोठी असते. तीच रचना थरांचा क्रम, त्यांची द्रव्ये, जाडी, परस्पर अंतर आणि त्यातून घडणारा विद्युत परिणाम या अंगाने मांडली, तर तिचा विचार एक उपकरण म्हणून होतो. आपले नावीन्य खरोखरच केवळ मांडणीत असेल, तर सेमीकंडक्टर इंटिग्रेटेड सर्किट्स लेआउट-डिझाइन अधिनियम, २००० खाली नोंदणी करावी. ते संरक्षण १० वर्षांचे असते. वस्तूच्या बाह्यरूपासाठी असलेला डिझाइन्स अधिनियम, २००० येथे उपयोगाचा नाही.

कलम ३(च) म्हणजे तीन-एफ हेही येथेच तपासून पाहावे. ज्ञात साधने नुसती शेजारी-शेजारी ठेवली आणि प्रत्येक साधन आपापले जुनेच काम स्वतंत्रपणे करत राहिले, तर त्या मांडणीला पेटंट मिळत नाही. नेहमीचा कपॅसिटर आणि नेहमीचे संरक्षक वलय एकत्र ठेवले असतील, तर एकामुळे दुसऱ्याच्या वर्तनात काय बदलले, हे सांगता आले पाहिजे.

तपासणी: "आमच्या रचनेत अमुक भाग असा आहे, म्हणून तमुक परिणाम घडतो" असे एक वाक्य लिहून पाहा. "म्हणून" या शब्दानंतर मोजता येण्याजोगे काही लिहिता येत नसेल, तर पुढच्या टप्प्याला हात लावू नका.

टप्पा २: गुप्तता राखा आणि पूर्वज्ञात तंत्राचा शोध घ्या

अर्ज दाखल होण्यापूर्वी प्रबंध, परिषदेतील निबंध, भित्तिपत्रक किंवा स्पर्धेतील सादरीकरण जाहीर झाले, तर ते आपल्याच अर्जाविरुद्ध पुरावा ठरू शकते. कलम ३१ मधील १२ महिन्यांची सवलत अरुंद आहे. ती शासनाने अधिसूचित केलेली प्रदर्शने, विद्वत्संस्थेपुढील निबंध अशा मोजक्याच प्रसंगांना लागू होते. तिच्या भरवशावर आधी प्रसिद्धी आणि मग अर्ज असा बेत आखू नये. परिषदेची तारीख जवळ आली असेल, तर निदान तात्पुरते विनिर्देशपत्र आधी दाखल करावे.

पूर्वज्ञात तंत्राच्या, म्हणजे आधीच जाहीर असलेल्या माहितीच्या, शोधासाठी भारतीय पेटंट कार्यालयाची इनपास ही प्रणाली, एस्पेसनेट, पेटंटस्कोप आणि गूगल पेटंट्स पाहावेत. मात्र या क्षेत्रातले निम्मे ज्ञान शोधनिबंधांत असते, म्हणून आयईईई एक्सप्लोर टाळून चालणार नाही. केवळ शब्दांवरून शोध घेतल्यास बरेच निसटते, कारण एकाच रचनेला कोणी खंदक-कपॅसिटर म्हणतो, कोणी खोल विवरातील धारक म्हणतो, तर कोणी नुसतेच ऊर्जासाठ्याचे घटक म्हणतो. म्हणून आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाचाही आधार घ्यावा. संगणकाच्या डीरॅम स्मृतीतील कपॅसिटर एच१०बी १२ या गटात सापडतात. जुन्या दस्तऐवजांवर एच०१एल चे गट असतात, त्यामुळे दोन्हीकडे पाहावे लागते.

या लेखात एकच उदाहरण शेवटपर्यंत वापरतो. समजा, सिलिकॉनमध्ये कोरलेल्या खोल खंदकाच्या भिंतींवर टायटॅनियम नायट्राइडचे खालचे इलेक्ट्रोड आहे, त्यावर झिर्कोनियम ऑक्साइड, ॲल्युमिनियम ऑक्साइड आणि पुन्हा झिर्कोनियम ऑक्साइड असा तीन थरांचा डायइलेक्ट्रिक (दोन इलेक्ट्रोडमधला विद्युतरोधक) आहे, आणि त्यावर वरचे इलेक्ट्रोड आहे. एवढेच सांगितले तर अर्ज नावीन्यावरच पडेल, कारण हे तीन थर डीरॅममध्ये पूर्वीपासून वापरात आहेत. झिर्कोनियम ऑक्साइडचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक मोठा असतो, पण ते स्फटिकरूप झाले की कणसीमांवाटे प्रवाह गळतो, आणि मधला अस्फटिक ॲल्युमिनियम ऑक्साइडचा थर त्या वाटा अडवतो. या क्षेत्रातल्या कोणाही जाणकाराला हे ठाऊक असते. समजा, आपले वेगळेपण असे, की खंदकाच्या तळाच्या कोपऱ्यात जेथे विद्युत क्षेत्र एकवटते, तेवढ्याच ठिकाणी मधला थर जाड ठेवला आहे. सर्वत्र जाडी वाढवली असती तर धारिता, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता, घटली असती. कोपऱ्यापुरती वाढवल्यामुळे धारिता जवळपास तशीच राहून गळती कमी होते. शोध घ्यायचा तो याच वेगळेपणाचा.

इशारा: आपल्या रचनेला सर्वांत जवळचा असा एक दस्तऐवज सापडेपर्यंत शोध संपला असे मानू नका. "आमच्यासारखे कोठेच काही नाही" हा निष्कर्ष बहुधा अपुऱ्या शोधातून निघतो.

टप्पा ३: तुलनेची आकडेवारी आधीच तयार करा

या टप्प्याला मी सर्वाधिक वेळ देण्यास सांगेन, कारण कपॅसिटरच्या अर्जावर येणारा नेहमीचा आक्षेप पुढीलप्रमाणे असतो: द्रव्य ज्ञात आहे, रचना ज्ञात आहे, जाडी बदलणे हे जाणकाराचे नेहमीचेच काम आहे, म्हणून शोधात्मक पायरी नाही. याला शब्दांनी उत्तर देता येत नाही, आकड्यांनी देता येते. कलम २(१)(ञक), म्हणजे इंग्रजीतील जे-ए, शोधात्मक पायरीसाठी ज्ञात ज्ञानापेक्षा तांत्रिक प्रगती किंवा आर्थिक महत्त्व किंवा दोन्ही मागते, आणि शिवाय ती गोष्ट जाणकाराला उघड वाटणारी नसावी अशी अट घालते.

तुलना समान धारितेवर करावी. नवा नमुना कमी गळतो पण त्याची धारिताही कमी आहे, असे असेल तर परीक्षक योग्यच म्हणेल की थर जाड केल्यावर गळती कमी होणारच. प्रति एकक क्षेत्रफळ धारिता म्हणजे निर्वाताची विद्युतशीलता आणि द्रव्याचा सापेक्ष स्थिरांक यांचा गुणाकार, भागिले जाडी. सिलिकॉन डायऑक्साइडचा स्थिरांक ३.९ आहे, म्हणून त्याच्या २ नॅनोमीटर थरातून प्रति चौरस मायक्रोमीटर सुमारे १७ फेम्टोफॅरड मिळतात. स्थिरांक २० असलेल्या द्रव्याचा १० नॅनोमीटर थर जवळपास तेवढीच धारिता देतो. आपल्या तक्त्यातील आकडे या साध्या हिशेबाशी जुळत नसतील, तर त्याचे कारण विनिर्देशपत्रात लिहावे. परीक्षकाला हा हिशेब करता येतो.

प्रत्येक मोजमापासोबत इलेक्ट्रोडचे क्षेत्रफळ, लावलेला व्होल्टेज, तापमान, वारंवारता आणि नमुन्यांची संख्या नोंदवावी. गळती, विघटन-व्होल्टेज (ज्या व्होल्टेजला डायइलेक्ट्रिक निकामी होतो) आणि व्होल्टेजनुसार धारितेत होणारा बदल, ही तिन्ही मोजमापे एकाच नमुन्यावरची असावीत. तीन वेगवेगळ्या नमुन्यांतील प्रत्येकी सर्वोत्तम आकडा निवडून केलेला तक्ता सुनावणीत टिकत नाही. निर्मितीची सोय नसल्यामुळे केवळ संगणकीय अनुकरणावर विसंबावे लागत असेल, तर वापरलेले भौतिक प्रारूप, सीमाअटी आणि द्रव्यांचे गृहीत गुणांक पूर्णपणे द्यावेत. तुलनेचा नमुनाही त्याच अनुकरणात चालवलेला असावा.

मर्यादेचे दोन्ही काठही मोजून ठेवावेत. कोपऱ्यातील जाडी बाजूच्या भिंतीवरील जाडीच्या १.५ ते २.५ पट असावी असे म्हणायचे असेल, तर १.२ पट आणि ३ पट असताना काय बिघडते हे दाखवणारी उदाहरणे हवीत. ही काठाबाहेरची उदाहरणे अर्जदार गाळतात, कारण ती अपयशाची वाटतात. प्रत्यक्षात निवडलेली मर्यादा मनमानी नाही, याचा सर्वांत बळकट पुरावा तीच असतात.

टप्पा ४: विनिर्देशपत्र आणि दावे लिहा

कागदपत्रे इंग्रजीत किंवा हिंदीत द्यावी लागतात. शोधाची मूळ टिपणे मराठीत असतील, तर ती तारखेसह जपून ठेवावीत आणि अर्ज त्यांवरून तयार करावा. कलम १०(४) नुसार शोध पूर्णपणे आणि तपशीलवार सांगावा लागतो, आणि अर्जदाराला ठाऊक असलेली सर्वोत्तम पद्धतही उघड करावी लागते. गोषवारा १५० शब्दांच्या आत असावा.

लिहिण्याचा क्रम असा ठेवावा. प्रथम आकृत्या आणि त्यांतील भागांचे क्रमांक, मग मुख्य दावा, मग उपदावे, आणि सर्वांत शेवटी वर्णन. आधी वर्णन लिहिले की दाव्यात येणारा एखादा शब्द वर्णनात येतच नाही, आणि तेथे स्पष्टतेचा आक्षेप ओढवतो.

मुख्य दाव्यात रचना सांगावी, इच्छा सांगू नये. "गळती कमी करणारा कपॅसिटर" हा दावा परिणाम सांगतो, साधन सांगत नाही. "तळाच्या कोपऱ्यातील मधल्या थराची जाडी बाजूच्या भिंतीवरील जाडीच्या १.५ ते २.५ पट आहे" हा दावा तपासता येतो. उपदाव्यांत टप्प्याटप्प्याने माघारीच्या जागा ठेवाव्यात: अधिक अरुंद मर्यादा, ठराविक द्रव्य, कोपऱ्याची ठराविक वक्रता. मुख्य दावा कोसळला तर यांपैकी एखादा त्याच्या जागी आणता येतो. निर्मितीच्या पद्धतीचा दावा सुरुवातीलाच घालावा, कारण उत्पादनाचे दावे मागाहून पद्धतीच्या दाव्यांत बदलायला गेल्यास कलम ५९ आड येते. "अमुक उपकरणात वापर" अशा स्वरूपाचे दावे भारतात मान्य होत नाहीत.

दहापेक्षा जास्त दाव्यांसाठी आणि तीसपेक्षा जास्त पानांसाठी वेगळे शुल्क पडते. व्यक्ती, स्टार्टअप, लघुघटक आणि शिक्षणसंस्था यांना ऑनलाइन अर्जात ते प्रति दावा ३२० आणि प्रति पान १६० रुपये आहे. या पैशांसाठी उदाहरणे कापणे मला मान्य नाही. शब्दबंबाळ पार्श्वभूमी मात्र खुशाल कापावी.

टप्पा ५: दाखल करा

लागणारे नमुने, म्हणजे ठरावीक फॉर्म, असे: नमुना १ हा अर्ज, २ विनिर्देशपत्र, ३ परदेशी अर्जांबाबतचे निवेदन आणि ५ शोधकर्त्यांची घोषणा. सवलतीच्या शुल्कासाठी स्टार्टअप, लघुघटक किंवा शिक्षणसंस्थेने नमुना २८ जोडावा. मूळ शुल्क या सवलतीच्या गटाला १,६०० रुपये, तर इतरांना ८,००० रुपये आहे. तात्पुरते विनिर्देशपत्र दिले असेल, तर १२ महिन्यांत संपूर्ण विनिर्देशपत्र द्यावेच लागते. तात्पुरत्यात जे सांगितलेले नाही, त्याला त्या आधीच्या तारखेचा लाभ मिळत नाही. दोन पानांचे घाईने लिहिलेले तात्पुरते विनिर्देशपत्र म्हणूनच फारसे संरक्षण देत नाही.

महाविद्यालय अर्जदार असेल, तर विद्यार्थ्यांच्या हक्क-हस्तांतरणाच्या सह्या दाखल करण्याआधीच घ्याव्यात. हक्काचा पुरावा सहा महिन्यांत द्यावा लागतो, आणि तोवर एखादा विद्यार्थी बंगळुरूला किंवा परदेशी गेलेला असतो. पत्रव्यवहारासाठी विद्यार्थ्याचा महाविद्यालयीन ईमेल कधीही देऊ नये. पदवीनंतर तो बंद होतो, अहवाल तेथे पोहोचतो आणि अर्ज कोणाच्या नकळत सोडून दिल्यासारखा ठरतो.

इशारा: भारतात राहणाऱ्या शोधकर्त्याने परवानगीशिवाय आधी परदेशात अर्ज करू नये. कलम ३९ नुसार एकतर परवानगी घ्यावी, किंवा भारतात अर्ज करून किमान सहा आठवडे थांबावे.

टप्पा ६: परीक्षणाची विनंती करा

अर्ज केला म्हणजे परीक्षण आपोआप होते, असे समजणारे अजूनही भेटतात. ते होत नाही. १५ मार्च २०२४ पासून दाखल झालेल्या अर्जांसाठी परीक्षणाच्या विनंतीच्या नमुना १८ ची मुदत अग्रक्रम तारखेपासून (त्याच शोधाच्या पहिल्या अर्जाच्या तारखेपासून) ३१ महिने आहे. पूर्वीच्या अर्जांना ती ४८ महिने होती, आणि जुने मार्गदर्शन वाचून काम करणारे येथेच फसतात. मुदत गेली की अर्ज मागे घेतल्यासारखा मानला जातो.

स्टार्टअप, लघुघटक, कायद्याने स्थापन झालेली व सरकारच्या मालकीची किंवा नियंत्रणाखालची संस्था, सरकारच्या निधीवर चालणारी संस्था, तसेच ज्यांत किमान एक महिला आहे असे व्यक्तिगत अर्जदार यांना नमुना १८ए खाली जलद परीक्षण मागता येते. सवलतीच्या गटासाठी त्याचे शुल्क ८,००० रुपये आहे, साध्या विनंतीचे ४,०००. अर्ज अजून प्रसिद्ध झाला नसेल, तर सोबत लवकर प्रसिद्धीचा नमुना ९ द्यावा लागतो. तुलनेची आकडेवारी पूर्ण असेल तरच जलद मार्ग घ्यावा.

टप्पा ७: प्रथम परीक्षण अहवाल वाचा

अहवाल आला त्याच दिवशी दोन तारखा लिहून ठेवाव्यात. उत्तराची मुदत अहवाल पाठवल्याच्या तारखेपासून सहा महिने आहे, आणि ती संपण्यापूर्वी नमुना ४ दिल्यास आणखी तीन महिने मिळतात. नमुना ३ मधील परदेशी अर्जांची अद्ययावत माहिती मात्र तीन महिन्यांतच द्यायची असते. या दोन मुदती एकच समजून बरेच अर्ज विनाकारण अडतात. परदेशी अर्ज केला नसेल, तरी तसे लिहून द्यावे.

मुदत गोव्याच्या सुट्ट्यांप्रमाणे मोजू नये. अहवाल १९ जूनला पाठवला गेला असेल, तर सहा महिने १९ डिसेंबरला भरतात. गोव्यात तो मुक्तिदिन, मुंबईच्या कार्यालयात मात्र एरवी कामाचा दिवस. ३ डिसेंबरच्या जुन्या गोव्याच्या फेस्ताचेही तेच.

नंतर अहवालातील प्रत्येक उद्धृत दस्तऐवज मुळातून वाचावा. आपल्या मुख्य दाव्याचे घटक एका स्तंभात आणि प्रत्येक दस्तऐवजातील परिच्छेद व आकृती समोर, असा तक्ता करावा. नावीन्याचा आक्षेप टिकण्यासाठी सर्व घटक एकाच दस्तऐवजात सापडावे लागतात. दोन दस्तऐवज जोडावे लागत असतील, तर तो शोधात्मक पायरीचा आक्षेप होय, आणि त्याचे उत्तर वेगळ्या पद्धतीने द्यावे लागते.

तपासणी: तक्त्यात एकही मोकळी जागा उरली नाही, तर युक्तिवाद लिहू नका. आधी दावा अरुंद करा.

टप्पा ८: उत्तराचा मसुदा करा

क्रम उलटू नये: आधी सुधारलेले दावे, मग त्या दाव्यांना आधार देणारे विनिर्देशपत्रातील परिच्छेद, मग युक्तिवाद. आपल्या उदाहरणात परीक्षकाने एक दस्तऐवज तीन थरांसाठी आणि दुसरा कोपऱ्यातील जाड ऑक्साइडसाठी दाखवला असे समजू. "दोन्हींत आमचा संपूर्ण शोध नाही" हे उत्तर अपुरे आहे. दुसऱ्या दस्तऐवजात संपूर्ण डायइलेक्ट्रिक जाड केला असेल आणि त्यामुळे धारिता घटत असेल, तर जाणकार तो उपाय पहिल्या रचनेला का लावणार नाही, आणि लावला तरी केवळ मधला थर जाड करण्यापर्यंत का पोहोचणार नाही, हे सांगावे. त्यानंतर आपला समान धारितेवरील गळतीचा तक्ता, परिच्छेद क्रमांकासह, पुढे ठेवावा.

जो परिणाम विनिर्देशपत्रात मुळीच सांगितलेला नाही, तो उत्तरात नव्याने मांडू नये. सांगितलेल्या परिणामाला बळकटी देणारी मागाहूनची मोजमापे शपथपत्राने देता येतात, पण उणीव भरून काढण्याचे साधन म्हणून त्यांच्याकडे पाहू नये. कलम १०(५) खाली एकाहून अधिक शोधांचा आक्षेप असेल, तर वगळलेल्या दाव्यांसाठी कलम १६ प्रमाणे विभाजित अर्ज करावा. तो मूळ अर्ज मंजूर होण्यापूर्वीच करता येतो.

टप्पा ९: सुनावणी

सुनावणी दृक्श्राव्य माध्यमातून होऊ शकते, त्यामुळे मुंबईचे पेटंट कार्यालय असलेल्या अँटॉप हिलपर्यंत जाण्याची गरज सहसा पडत नाही. सूचनेत जे आक्षेप शिल्लक म्हणून दिलेले असतात, त्यांवरच बोलावे. ज्याने मोजमापे केली तो शोधकर्ता सोबत असावा, पण कायद्याचा मुद्दा एकानेच मांडावा. तारीख बदलायची असल्यास किमान तीन दिवस आधी मागावी. अशी तहकुबी दोनदाच मिळते, प्रत्येकी जास्तीत जास्त ३० दिवसांची. लेखी निवेदन सुनावणीनंतर १५ दिवसांत द्यावे लागते, आणि पर्यायी अरुंद दाव्यांचा संच त्यासाठी आधीच तयार ठेवावा.

टप्पा १०: निर्णयानंतर

अर्ज नाकारला गेला, तर एका महिन्यात पुनर्विलोकन मागता येते किंवा तीन महिन्यांत उच्च न्यायालयात अपील करता येते. आदेशात उघड चूक असेल तरच पुनर्विलोकनाचा मार्ग धरावा. पेटंट मिळाले, तर त्याची मुदत दाखल केल्याच्या तारखेपासून २० वर्षे असते आणि नूतनीकरण शुल्क तिसऱ्या वर्षापासून लागते. मंजुरी दोन वर्षांनंतर मिळाली असेल, तर मधल्या वर्षांचे साचलेले शुल्क नोंदवहीत नोंद झाल्यापासून तीन महिन्यांत भरावे लागते. ही तारीख मंजुरीचे पत्र उघडतानाच लिहून ठेवावी आणि शुल्क भरण्याची जबाबदारी एका नावावर सोपवावी.